नरकाचा काठ

ऑगस्ट २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात, सेराल्व्हेस संग्रहालयात, साठी ओलांडलेले एक इटालियन गृहस्थ जमिनीवरच्या काळ्या वर्तुळात पडले. वर्तुळ रंगवलेलं असावं, फार तर काळा गालिचा अंथरलेला असावा, असंच बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो सुमारे अडीच मीटर खोल खड्डा होता, आणि आतून असा काळाकुट्ट रंगवलेला की त्याची खोली डोळ्यांना कळूच नये. गृहस्थांना रुग्णालयात न्यावं लागलं. बरे होऊन ते घरी गेले. खड्डा करणारा कलावंत मुंबईत जन्मलेला अनिश कपूर, आणि त्याच्या या १९९२ सालच्या कलाकृतीचं नाव ‘डिसेंट इन्टू लिंबो’, म्हणजे लिंबोत उतरणं. नावातच उतरणं असल्यावर कुणीतरी पडणारच, हा विनोद तेव्हा बऱ्याच जणांनी करून घेतला.

मला त्यात दुसरीच गंमत दिसते. त्या गृहस्थांना खड्ड्याची कड कळली नाही म्हणून ते पडले, आणि लिंबो या शब्दाचा मूळ अर्थच मुळी कड असा आहे.

लॅटिनमध्ये ‘लिंबुस’ म्हणजे वस्त्राचा काठ, किनार. लुगड्याचा असतो तसा. त्यापासून ‘इन लिंबो’, म्हणजे काठावर. मराठीत ‘काठ’ला ‘वर’ लावताना त्याचं सामान्यरूप ‘काठा’ होतं. उद्या कुणी परक्या माणसाने त्या ‘काठावर’मधला ‘काठा’ तेवढा उचलला आणि तेच एखाद्या गावाचं नाव आहे असं समजून चालला, तर जे होईल तेच या शब्दाचं झालं. विभक्तीचं रूपच ठिकाणाचं नाव होऊन बसलं. मूळ लिंबुस मात्र अजून कामावर आहे. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळाचा पारदर्शक पडदा आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतात त्या कडेला लिंबस म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ सूर्यबिंबाच्या कडेला लिंब म्हणतात, तोही याच घरातला. आडव्या काठीखालून कंबर मागे वाकवून जायचा त्रिनिदादचा लिंबो नाच मात्र बहुधा वेगळ्या कुळातला. त्याला इथेच सोडून देऊ.

आता हा काठ कशाचा? नरकाचा. मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितांनी नरकाच्या अगदी बाहेरच्या कडेला एक पट्टी कल्पिली. तिथे आग नाही, चटके नाहीत, छळ करणारे सैतानही नाहीत. पण देवाचं दर्शनही नाही, कधीच नाही. बायबलमध्ये या पट्टीचा उल्लेख शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. ती माणसांनी काढली, आणि का काढली ते समजून घ्यायचं तर त्यांची अडचण आधी समजली पाहिजे.

अडचण अशी. प्रत्येक माणूस आदाम आणि हव्वा यांच्याकडून आलेलं मूळ पाप घेऊनच जन्माला येतो. ते बाप्तिस्म्याने धुतलं जातं, आणि त्याशिवाय स्वर्गाचं दार उघडत नाही. ही दोन वाक्यं एकदा मान्य केली की दोन प्रकारची माणसं कैचीत सापडतात. एक, येशूच्या आधी होऊन गेलेली भली माणसं. अब्राहाम, मोशे, दावीद यांनी बाप्तिस्मा घ्यायचा तरी कुठे? दुसरी, जन्मताच किंवा जन्माआधीच मेलेली मुलं.

पहिल्यांचा प्रश्न तुलनेने सोपा होता, कारण त्याचं उत्तर कथेतच होतं. क्रूसावरचा मृत्यू आणि तिसऱ्या दिवसाचं पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात येशू खाली उतरला, असं ख्रिस्ती श्रद्धा फार पूर्वीपासून सांगते. मराठी बायबलमध्ये मृतांच्या या जागेला अधोलोक हा शब्द येतो. तिथे वाट बघत बसलेल्या पूर्वजांना त्याने बाहेर काढलं. त्यांच्या त्या प्रतीक्षागृहाला पुढे ‘पितरांचं लिंबो’ असं नाव पडलं. अनिश कपूरने नाव घेतलं ते याच प्रसंगावरच्या चित्रकार मान्तेन्याच्या चित्रावरून.

चित्रकारांचा हा लाडका प्रसंग. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात फ्रा अँजेलिकोने तो एका कोठडीच्या भिंतीवर रंगवलाय. त्यात तुरुंगाचं दार बिजागऱ्यांसकट आडवं पडलेलं आहे आणि त्याखाली एक सैतान चिरडलाय. पण सर्वांत जोरकस चित्र इस्तंबूलच्या एकेकाळच्या कोरा चर्चमधलं, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं. (पूर्वेकडची चर्चं लिंबो हा शब्द वापरत नाहीत, पण प्रसंग तोच.) पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त मधोमध उभा आहे, आणि एका हाताने आदामला, दुसऱ्या हाताने हव्वेला त्यांच्या थडग्यांतून ओढून काढतोय. नीट पाहिलं तर त्याने हातात हात घेतलेला नाही, दोघांची मनगटं धरली आहेत. विहिरीत पडलेल्याला आपण वर घेतो तसं. त्याच्या पकडीवर भरवसा ठेवत नाही. पायाखाली काळोख, आणि त्या काळोखात मोडलेली कुलपं, किल्ल्या, बिजागऱ्या विखुरल्यात.

म्हणजे पितरांचं लिंबो एकदाच उघडलं आणि रिकामं झालं. लहान मुलांचं तसं नव्हतं. त्यांना न्यायला कुणी येणार नव्हतं.

या मुलांच्या बाबतीत सर्वांत कठोर शब्द लिहिला संत ऑगस्टीनने. (३५४ ते ४३० हा त्याचा काळ, मुक्काम उत्तर आफ्रिकेत.) पेलाजियस नावाच्या एका धर्मोपदेशकाशी त्याचा वाद पेटला होता. मूल निष्पापच जन्मतं, असं पेलाजियसच्या बाजूचं म्हणणं. त्यामुळे बाप्तिस्म्याविना मेलेल्या मुलांसाठी स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये एखादी जागा असावी, असंही त्या बाजूने सुचवलं जाई. ऑगस्टीनने ती मधली जागा साफ नाकारली. मधलं काही नाही. मुलं नरकातच जाणार. फक्त त्यांची शिक्षा सगळ्यांत सौम्य असेल, एवढी सूट त्याने दिली. एवढा मोठा बुद्धिमान माणूस, पण तर्काची रेघ सोडायला तयार नाही. वाद जिंकण्याच्या भरात माणूस कुठवर जातो याचं हे उदाहरण आहे, असं माझं मत.

पुढची सातशे-आठशे वर्षं ज्यांनी ज्यांनी या विषयाला हात घातला, त्यांनी ऑगस्टीनच्या वाक्याला उघड विरोध न करता ते हळूहळू मऊ करत नेलं. कोर्टात जुना निकाल फिरवता येत नसला की वकील त्याचा अर्थ फिरवतात, तसं. बाराव्या शतकात पॅरिसचा आबेलार म्हणाला, ही सौम्य शिक्षा म्हणजे चटके नव्हेत, केवळ देवदर्शनाला मुकणं. १२०१ साली पोप तिसरे इनोसंट यांनी एका पत्रात तेच नियमात बसवलं: मूळ पापाची शिक्षा दर्शनाला मुकणं, स्वतः केलेल्या पापाची शिक्षा नरकयातना. याच तेराव्या शतकात या मुलांच्या जागेला लिंबो हे नाव रुळलं. आणि मग थॉमस अक्वायनस. त्याने शेवटचा काटाही काढून टाकला. दर्शनाला मुकल्याचं दुःख तरी या मुलांना होईल की नाही? होणार नाही, तो म्हणतो; कारण आपलं काय हुकलं हे त्यांना ठाऊकच नाही. शहाणा माणूस आपल्याला पक्ष्यासारखं उडता येत नाही म्हणून रडत बसतो का? जे आपल्या वाट्याचं कधी नव्हतंच, त्याचा शोक कोण करील? तेव्हा ही मुलं आपल्या नैसर्गिक सुखात अनंतकाळ राहतील.

जिथे सुरुवातीला आग होती तिथे शेवटी सुख आलं, आणि एवढं सगळं करून मूळची दोन वाक्यं जागच्या जागी राहिली. लिंबो ही दयाळू माणसांनी नियमाला धक्का न लावता काढलेली पळवाट आहे. कारकुनाला अर्जदाराची दया येते, पण नियम आड येतो. मग तो अर्ज नामंजूर करण्याऐवजी वेगळ्या फायलीत ठेवतो. त्या फायलीचं नाव लिंबो.

लिंबोची दुसऱ्या शेजारच्या कल्पनेशी गल्लत होते, ती पर्गेटरीशी. पर्गेटरीत पापं भाजून निघतात आणि माणूस कधी ना कधी वर जातोच. इस्लाममधलं बरझख म्हणजे मृत्यू आणि कयामत यांच्यामधलं अंतर, तेही संपणारं. तिबेटी बौद्धांच्या परंपरेत बार्दो जास्तीत जास्त एकोणपन्नास दिवसांचं. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घाटावर लोक ताटकळतात, मनातल्या मनात मृताला कसकसली आश्वासनं देतात, पण तेही तासा-दोन तासांत उरकतं आणि बाराव्या-तेराव्यापर्यंत मृताचा प्रवास मार्गी लागलेला असतो. या सगळ्या वाट बघण्याच्या खोल्या आहेत. मुलांच्या लिंबोला मात्र बाहेरचं दारच नाही.

हे दार नसणं काय असतं ते दान्तेने लिहिलं. ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या पहिल्या भागातल्या चौथ्या सर्गात लिंबो येतं, नरकाचं पहिलंच वर्तुळ म्हणून. तिथे किंकाळ्या नाहीत, फक्त उसासे आहेत, आणि उसाशांनी हवा थरथरते. दान्तेने धर्मपंडितांच्या यादीत स्वतःची भर घातली: ख्रिस्ती नसलेले पण थोर असे प्रौढ लोक. सात तटांचा एक किल्ला, आत हिरवळ, आणि हिरवळीवर होमर, सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, युक्लिड. हळू हलणाऱ्या नजरा, कमी बोलणं, आवाज मृदू. यांत मुसलमानही आहेत: वैद्यकातला इब्न सीना, ॲरिस्टॉटलचा भाष्यकार इब्न रुश्द, आणि एका कोपऱ्यात एकटा उभा सलाहुद्दीन, ज्याने ११८७ मध्ये जेरुसलेम ख्रिस्ती फौजांकडून घेतलं होतं. चौदाव्या शतकातल्या कॅथलिक कवीने हे करावं, याला छाती लागते.

आणि दान्तेचा वाटाड्या व्हर्जिल हाही तिथलाच रहिवासी. त्या काठावर पाय ठेवताना त्याचा चेहरा पांढरा पडतो. तो सांगतो, मी इथे नवीनच आलो होतो तेव्हा एक बलवान आला आणि आदाम, नोहा, मोशे, दावीद यांना घेऊन गेला. व्हर्जिल वारला ख्रिस्तपूर्व १९ मध्ये. म्हणजे जेमतेम पन्नास वर्षं तिथे काढली असतील तेवढ्यात सुटकेची ती गाडी येऊन गेली, आणि याला फलाटावरच ठेवून गेली. दान्तेला स्वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोचवून तो पुढे नाहीसा होतो. त्याला परत तिथेच जायचंय.

दान्तेला हे पचलं नव्हतं, याचा पुरावा शेवटच्या भागात आहे. एकोणिसाव्या सर्गात त्याच्या मनातली शंका बोलून दाखवली जाते, आणि ती शंका आपल्या बाजूच्या माणसाबद्दल आहे. सिंधू नदीच्या तीरावर एक माणूस जन्मतो. तिथे ख्रिस्ताबद्दल सांगणारा, वाचणारा, लिहिणारा कुणी नाही. त्याचं वागणं-बोलणं निर्मळ. तो बाप्तिस्म्याविना मरतो. त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कुठला? उत्तर मिळतं ते डोळे वटारून: वीतभर दृष्टीच्या माणसा, हजार कोसांवरचा न्याय करायला बसणारा तू कोण? मला तरी हे उत्तर म्हणजे प्रश्न टाळणं वाटतं. पण प्रश्न इतका स्वच्छ मांडून ठेवलाय की उत्तरापेक्षा तोच लक्षात राहतो.

दोनशेहून जास्त वर्षांनी हाच प्रश्न खऱ्या माणसांनी खऱ्या धर्मोपदेशकाला विचारला. ज्याचा देह आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे तो फ्रान्सिस झेवियर जपानहून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहितो की, जपानमधले नवे ख्रिस्ती फार रडतात. आमचे आईबाप, आजे-पणजे यांना नरकातून सोडवायचा काही उपाय नाही का, असं विचारतात. त्याने त्यांना नाही म्हणून सांगितलं. त्यांचं रडणं बघून आपल्यालाही वाईट वाटलं, असंही त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय. पूर्वजांना पिंड-पाणी देणाऱ्या समाजात हे ‘नाही’ किती जड गेलं असेल, ते आपल्याला सांगायला नको.

विद्वानांचं झालं. पण अक्वायनसचं समाधान बाळंतिणीपर्यंत पोचत नव्हतं. उडता न येणाऱ्या शहाण्या माणसाचं उदाहरण कूस रिकामी झालेल्या बाईला कोण सांगणार? तिला एवढंच कळत होतं की मूल कायमचं बाहेर राहिलं, आणि स्वर्गातही आपली गाठ पडणार नाही. म्हणून सुईणींना बाप्तिस्म्याचे शब्द पाठ असत. प्रसंग पडला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, अशी सोय चर्चने ठेवली होती. मात्र मूल जिवंत हवं. तेच नसलं तर?

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात ओबरब्युरेन नावाचं मरियेचं तीर्थस्थान होतं. पंधराव्या शतकाच्या शेवटी लोक तिथे मृत बाळं घेऊन येत, कधी कधी कित्येक दिवसांची वाट तुडवून. तिथे काय चाले ते आपल्याला कळतं एका तक्रारीमुळे. कॉन्स्टन्सच्या बिशपने १४८६ मध्ये पोपला कळवलं. बायका बाळाला निखारे आणि पेटत्या मेणबत्त्या यांच्यामध्ये ठेवून ऊब देत. मग त्याच्या ओठांवर एक हलकं पीस ठेवत. गरम हवेने पीस हललं की बाळाने श्वास घेतला असं ठरे. घाईघाईने पाणी, बाप्तिस्मा, नाव. लगेच घंटा, आणि पवित्र भूमीत दफन. बिशपला हा भोंदूपणा वाटला, आणि नियमाने तो होताच. निखाऱ्यावर पीस हलतं हे त्या बायकांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या होत्या त्या.

१५२८ मध्ये बर्नने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि थोड्याच वर्षांत ते ठिकाण पाडलं गेलं. गेल्या शतकाच्या अखेरीला तिथे उत्खनन झालं तेव्हा सुमारे अडीचशे अर्भकांचे सांगाडे मिळाले. काही पुऱ्या दिवसांचेही नव्हते. अशी ‘विसाव्याची ठिकाणं’ फ्रान्समध्येही कितीतरी होती, आणि चर्चने मनाई केली तरी लोक जातच राहिले.

आयर्लंडमध्ये पीस नव्हतं, फक्त काठ होता. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला चर्चच्या दफनभूमीत जागा नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या जागा ठरून गेल्या. त्यांना तिथे किलीनी म्हणतात. हजाराहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत: दोन गावांच्या शिवेवर, समुद्राच्या कडेला, पडक्या गढीच्या आत, ओसाड चर्चच्या मागे. बाप किंवा काका बहुधा रात्री, गुपचूप, खोक्यात घालून मुलाला नेई. आई जात नसे. वर नाव नाही, एखादा साधा दगड, कधी पांढऱ्या गारगोट्या. पंडितांनी परलोकात कल्पिलेला काठ लोकांनी गावाच्या नकाशावर असा उतरवला. हे मध्ययुगात संपलं असं समजू नका; विसाव्या शतकातही चालू होतं. १९१७ च्या चर्चच्या कायद्यातही बाप्तिस्म्याविना मेलेल्यांना चर्चचं दफन नव्हतं. १९८३ च्या नव्या कायद्याने आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती अशा मुलांसाठी ते खुलं केलं.

आणि लिंबोचं स्वतःचं काय झालं? इतकी शतकं लोकांच्या आयुष्यात वावरलेली ही जागा चर्चने श्रद्धेचा अधिकृत भाग म्हणून कधी जाहीरच केली नव्हती. अठराव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या काही कडव्या मंडळींनी तिला भाकडकथा ठरवलं, तेव्हा १७९४ मध्ये पोप सहावे पायस यांनी त्यांना फटकारलं. पण लिंबो आहेच, असं मात्र म्हटलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, पोप दहावे पायस यांच्या प्रश्नोत्तरीत ती मुलांना शिकवलीही जात होती. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये शब्दच नाही. तिथे या मुलांना देवाच्या दयेवर सोपवलंय. कार्डिनल रात्सिंगर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगून टाकलं होतं की हे पंडितांचं गृहीतक आहे, माझ्यापुरतं मी ते सोडून देईन. तेच पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, आणि एप्रिल २००७ मध्ये त्यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाचा अहवाल आला. या मुलांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, लिंबोची कल्पना तारणाकडे फार आखडत्या नजरेने पाहते, असं त्यात म्हटलंय. मात्र एक शक्य मत म्हणून लिंबो अजूनही ठेवता येईल, हेही त्याच अहवालात आहे. दयाळू कारकुनाने पुन्हा एकदा फाईल बंद न करता बाजूला सरकवली.

आता शब्दाचं. इंग्रजीत सोळाव्या शतकापासूनच लिंबो म्हणजे तुरुंग असाही अर्थ चालू झाला, आणि पुढे निकाल न लागलेली कुठलीही गोष्ट लिंबोत गेली: प्रकल्प, बढती, व्हिसा. मराठीत याला अधांतरी, टांगणीला, भिजत घोंगडं असे शब्द आहेत. पण वर्तमानपत्री भाषांतराचा आवडता शब्द त्रिशंकू. मीही तो वर्षानुवर्षं बिनदिक्कत वापरला आणि आता मला तो चुकीचा वाटतो. त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचं होतं. वसिष्ठांनी नाही म्हटलं, तरी त्याने हट्ट सोडला नाही. विश्वामित्रांनी वर पाठवलं, इंद्राने खाली ढकललं, आणि तो उलटा लटकला. त्याला काहीतरी हवं होतं. लिंबोतल्या कुणीच काही मागितलं नव्हतं. नियमाची रेघ त्यांना न विचारता त्यांच्याभोवतून गेली.

तशी खरी जागा बघायची असेल तर ती आपल्याच देशाच्या सीमेवर होती. कूचबिहारच्या आसपास भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाचे ५१ भारताच्या पोटात, असे एकूण १६२. त्यांना छिटमहल म्हणत. जुन्या संस्थानी हद्दी फाळणीनंतर दोन देशांच्या सीमा होऊन बसल्या, म्हणून हे झालं. पन्नास हजारांहून अधिक माणसं तिथे राहत होती. कागदावर नागरिक, पण आपल्या देशात जायचं तर मध्ये परका देश ओलांडायचा. शाळा नाही, पोलीस नाही, वीज नाही. दवाखान्यात बाळंत व्हायचं तर शेजारच्या गावातल्या दुसऱ्याच कुणाला नवरा म्हणून लिहायचं. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी या तुकड्यांची अदलाबदल केली आणि लोकांना कोणता देश हवा ते विचारलं. बांगलादेशातल्या भारतीय छिटमहलांमधून हजाराहून कमी माणसं इकडे आली. बाकीची होती तिथेच राहिली.